उद्योजकता शिकून माणूस घडतो का? रुस्ताक ते म्हसवड

मस्कतपासून दीडएकशे किलोमीटरवर, जबल अखदरच्या उत्तर पायथ्याशी रुस्ताक वसलेलं आहे. जुना किल्ला, गरम पाण्याचा झरा, खजुराच्या बागा आणि मध ही त्याची ओळख. एके काळी ही ओमानची राजधानी होती; 2011 पासून ते दक्षिण बातिना प्रांताचं मुख्य ठाणं आहे. गावातलं सरकारी महाविद्यालय शिक्षक घडवण्यासाठी ओळखलं जातं. 2020 मध्ये ओमानने आपली तंत्र महाविद्यालयं, उपयोजित विज्ञानाची महाविद्यालयं आणि रुस्ताकचं शिक्षणशास्त्र महाविद्यालय एकत्र करून एकच मोठं विद्यापीठ उभं केलं. त्याआधीच, 2013 नंतरच्या काळात, उद्योजकता हा विषय देशातल्या उच्च शिक्षणाच्या बहुतेक शाखांत पोचला होता. म्हणजे जी मुलगी उद्या एखाद्या शाळेत इंग्रजी किंवा विज्ञान शिकवणार आहे, तिच्याही वाट्याला हा विषय येतो. ती बहुधा दुकान टाकणार नाही, कंपनी काढणार नाही. मग तिने यातून मिळवायचं काय?

याचं ठरीव उत्तर जगभरच्या अभ्यासक्रमांत छापलेलं असतं. आत्मविश्वास वाढतो, पुढाकार घ्यायची सवय लागते, अपयश पचवता येतं, जबाबदारीचं भान येतं. थोडक्यात, माणूस घडतो. हा दावा कुठून आला, त्याला आधार किती, आणि त्यात ‘मूल्यं’ नेमकी कुठे बसतात, हे एकदा तपासून पाहायला हवं. मराठी वाचकाला तर यात जास्तच रस वाटावा. ‘मराठी माणूस धंद्यात मागे का’ हा आपला जुना, लाडका आणि बराचसा आळशी प्रश्न याच समजुतीवर उभा आहे. धंदा हा स्वभावाचा भाग आहे असं एकदा मानलं की अख्ख्या समाजाच्या स्वभावावर बोट ठेवायला आपण मोकळे.

विद्यापीठात हा विषय पहिल्यांदा शिकवला गेला तो फेब्रुवारी 1947 मध्ये, हार्वर्डला. माइल्स मेस यांच्या त्या वर्गात 188 विद्यार्थी होते, त्यातले बरेचसे महायुद्धावरून परतलेले. शिकवायचं होतं ते नव्या धंद्याचं व्यवस्थापन. माणूस घडवण्याची भाषा तिथे नव्हती. अर्थशास्त्राने उद्योजकाला त्याआधीच जागा दिली होती: शुंपेटर यांच्या 1911 च्या मांडणीत तो जुन्या घटकांची नवी जुळणी करणारा होता, तर फ्रँक नाइट यांच्या 1921 च्या मांडणीत अनिश्चितता अंगावर घेणारा. माणसाच्या श्रद्धा आणि त्याची आर्थिक वागणूक यांची गाठ मॅक्स वेबर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी घातली, पण ती इतिहासाचा उलगडा करण्यासाठी. श्रद्धा बदलून उद्योजक तयार करण्याचा कारखाना काढावा, असं त्यांच्या मनातही नसणार.

तो कारखाना काढला डेव्हिड मॅक्लेलंड यांनी. 1961 च्या आपल्या ग्रंथात या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने म्हटलं की ज्या समाजात काहीतरी करून दाखवण्याची आस, म्हणजे सिद्धिप्रेरणा, जास्त असते तो समाज पुढे जातो. आणि ही आस शिकवता येते. प्रयोगासाठी त्यांनी आंध्रातलं काकिनाडा निवडलं. 1964 पासून तिथल्या छोट्या व्यापाऱ्यांना हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेत सुमारे 10 दिवसांचे वर्ग देण्यात आले. कथा लिहायच्या, स्वतःची ध्येयं ठरवायची, खेळात जोखीम किती घ्यायची ते अजमावायचं. पुढच्या दोनेक वर्षांत वर्ग केलेले व्यापारी न केलेल्यांपेक्षा जास्त हालचाल करताना दिसले: नवं काम काढलं, गुंतवणूक वाढवली, माणसं लावली.

या प्रयोगातल्या दोन गोष्टी मात्र फारशा कुणी पुढे नेल्या नाहीत. एक, कपाळाला गंध लावणं, रूढी पाळणं अशा पारंपरिकपणाचा धंद्याच्या हालचालीशी काही संबंध दिसला नाही. परंपरेने माणूस मागे राहतो, ही त्या काळातल्या विकासतज्ज्ञांची आवडती समजूत काकिनाड्यात टिकली नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ज्यांच्या हातात धंद्याचे निर्णय होते, त्यांच्यातच प्रशिक्षणाचा परिणाम दिसला. ज्यांचे निर्णय वडील किंवा थोरला भाऊ घेत होता, त्यांची आस वाढून काही उपयोग झाला नाही. प्रेरणा आणि अधिकार यांच्यातलं हे नातं पुढच्या साठ वर्षांच्या अभ्यासात पुन्हापुन्हा दिसतं, आणि पाठ्यपुस्तकं पुन्हापुन्हा फक्त प्रेरणेचा धडा छापतात.

भारताने काकिनाड्याचा धागा लगेच उचलला. 1970 मध्ये गुजरातच्या औद्योगिक महामंडळांनी उद्योजकता विकास कार्यक्रम सुरू केला, 1983 मध्ये अहमदाबादेत राष्ट्रीय पातळीची संस्था झाली, आणि 1988 मध्ये औरंगाबादेत महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र उभं राहिलं. जिल्ह्याजिल्ह्यात या कार्यक्रमाचे, म्हणजे ‘ईडीपी’चे, वर्ग भरू लागले. त्या वर्गांतून गेलेली पिढी आज पन्नाशी-साठीत आहे, आणि ‘ईडीपी केलाय’ हे शब्द अजूनही कर्जाच्या अर्जावर वजन ठेवून असतात. प्रेरणेपेक्षा ते प्रमाणपत्रच बँकेला जास्त पटायचं, हा भाग निराळा.

याच्या बरोबर उलट बाजू मराठी माणसाकडूनच, पुण्यातून मांडली गेली. धनंजयराव गाडगीळ यांनी आधुनिक भारतीय व्यापारी वर्गाच्या उगमावर 1959 मध्ये जे लिहिलं, त्यात मनाच्या घडणीपेक्षा भांडवल, पतपुरवठा, जातीचे आणि नात्याचे व्यवहार यांना जागा होती. कोण कुणाला उधार देतं, कुणाच्या शब्दावर माल मिळतो, हे पाहिलं की कुठला समाज धंद्यात पुढे गेला ते बरंचसं कळतं. 2005 मध्ये पुण्यात मिलिंद कांबळे यांनी दलित उद्योजकांची स्वतंत्र चेंबर उभी केली, तीही याच जाणिवेतून. हुशारी आणि जिद्द असलेल्या माणसाला बाजारात ओळख, ऑर्डर आणि पत नसेल तर तो किती पुढे जाणार?

1988 मध्ये विल्यम गार्टनर यांनी ‘उद्योजक म्हणजे कोण’ हा प्रश्नच चुकीचा ठरवला. स्वभावाच्या याद्या करत बसण्यापेक्षा माणूस प्रत्यक्षात काय करतो ते पाहा, असं ते म्हणाले. 2001 मध्ये भारतीय वंशाच्या सारस सरस्वती यांनी 27 मुरलेल्या उद्योजकांच्या विचारपद्धतीवरून दाखवलं की ही माणसं ध्येय ठरवून साधनं शोधत नाहीत. हातात काय आहे, ओळखीचं कोण आहे, आणि किती नुकसान झेपेल, एवढं पाहून ती निघतात. आपल्या घरांत ‘झेपेल तेवढंच कर’ हा सल्ला कायम भित्रेपणाचा मानला गेला. सरस्वती यांच्या कामाने त्याला निदान शास्त्राची प्रतिष्ठा दिली.

आता पुरावा. माणूस घडतो हे मोजायचं कसं? बहुतेक अभ्यास एकच गोष्ट मोजतात: वर्गाआधी आणि वर्गानंतर ‘मी धंदा काढेन’ असं किती विद्यार्थ्यांना वाटतं. 2010 मध्ये नेदरलँड्सच्या एका व्यावसायिक महाविद्यालयातला अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे विद्यार्थी वर्षभर खरी छोटी कंपनी चालवत. निघालं ते असं की त्यांच्या कौशल्यांत फरक पडला नाही, आणि धंदा काढायची इच्छा उलट कमी झाली. त्याच वर्षी म्युनिकच्या अभ्यासातही इच्छा थोडी उतरलेली दिसली. 2014 मध्ये 73 अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा शिक्षण आणि इच्छा यांच्यात किंचित संबंध दिसला, पण विद्यार्थी आधीपासूनच किती उत्सुक होते ते हिशेबात धरल्यावर तोही जवळजवळ विरून गेला.

या निकालांनी विषय मोडीत निघाला असं मला वाटत नाही. धंद्याची इच्छा कमी होणं हा शिक्षणाचा चांगला परिणाम असू शकतो. म्युनिकच्या संशोधकांनी तसं म्हटलंही: विद्यार्थ्याला आपला कल कळला आणि तो बाजूला झाला. ज्याला गिऱ्हाईकाची किरकिर सोसत नाही, त्याने ते विसाव्या वर्षी ओळखणं हीच खरी वैयक्तिक वाढ. वडिलांचे पीएफचे पैसे घालून तिसाव्या वर्षी ओळखण्यापेक्षा बरी. पण कुठलंही सरकार या विषयाच्या यशाचा आकडा म्हणून ‘अमुक मुलांनी धंदा न काढण्याचा शहाणा निर्णय घेतला’ असं छापत नाही.

इतकं असलं तरी माणसातली एक गोष्ट शिकवून बदलते, याचा भक्कम पुरावा आहे. 2017 मध्ये टोगोच्या राजधानीतला, लोमे शहरातला, प्रयोग प्रसिद्ध झाला. 1,500 छोट्या व्यावसायिकांचे तीन गट केले. एकाला हिशेब, बाजारपेठ, कर्ज असं नेहमीचं प्रशिक्षण दिलं. दुसऱ्याला मानसशास्त्राच्या आधारे पुढाकार घेण्याचं, म्हणजे आपणहून सुरुवात करणं, वेगळं काही करून पाहणं, अडचण आली तरी नेट न सोडणं याचं. तिसऱ्याला काहीच नाही. अडीच वर्षांच्या पाहणीत पुढाकाराच्या गटाचा नफा सरासरी 30 टक्क्यांनी वाढला. नेहमीच्या प्रशिक्षणाने झालेली 11 टक्क्यांची वाढ संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरलीच नाही. मॅक्लेलंड यांना अर्धशतकानंतर मिळालेला हा कौल म्हणता येईल. फक्त एक लक्षात ठेवायचं: लोमेचे सगळे जण आधीपासून स्वतःचा धंदा चालवत होते. निर्णय त्यांच्याच हातात होते. काकिनाड्याची अट इथेही पुरी झालेली होती.

इथवर झाला वैयक्तिक वाढीचा हिशेब. मूल्यांचा प्रश्न याहून अवघड आहे, आणि इथे रुस्ताकची जमीन आपल्याला पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांपेक्षा जास्त शिकवते.

धंद्याने माणूस घडतो हे अरबी विचाराला नवं नाही. तिथे शंका अशी होती की तो घडतो की बिघडतो. इब्न खल्दून यांनी 1377 मध्ये लिहिलेल्या आपल्या प्रसिद्ध प्रस्तावनेत म्हटलं आहे की सततची घासाघीस, वाद, चातुर्य यांनी व्यापाऱ्याच्या स्वभावाला एक हलकेपणा येतो. पेशा माणसाला आपल्या रंगात रंगवतो, हे त्यांचं निरीक्षण. आजच्या उद्योजकतेच्या पुस्तकात ही शंका जवळजवळ नाहीच. तिथे धंदा नेहमी माणसाला वरच नेतो.

1990 मध्ये विल्यम बॉमॉल यांनी हीच शंका अर्थशास्त्राच्या भाषेत मांडली. उद्योजक वृत्तीची माणसं प्रत्येक समाजात असतात. ती उत्पादन करतील, नुसती मध्यस्थी करून मलई खातील की लूटमार करतील, हे त्या समाजात कशाला बक्षीस मिळतं यावर ठरतं. रुस्ताकच्या इतिहासात याचं चोख उदाहरण आहे. 1624 मध्ये याच गावात नासिर बिन मुर्शिद इमाम म्हणून निवडले गेले आणि यारिबा घराण्याची सत्ता सुरू झाली. त्या घराण्यातले सैफ बिन सुल्तान 1711 मध्ये वारले; त्यांची कबर रुस्ताकच्या किल्ल्यात आहे. त्यांच्या आरमाराने पोर्तुगीजांना हिंदी महासागरभर सळो की पळो केलं, आणि त्या दर्यावर्दी मोहिमांत व्यापार आणि लूट यांच्यात रेघ ओढणं कठीण होतं. आपल्या कोकण किनाऱ्यानेही ओमानी गलबतांचे तडाखे खाल्लेले आहेत. पण हेच सैफ इतिवृत्तांत ‘भूमीची बेडी’ या अर्थाच्या किताबाने ओळखले जातात, कारण समुद्रावरून आलेला पैसा त्यांनी जमिनीत जिरवला: फलज नावाचे पाण्याचे पाट दुरुस्त केले, खजुराची आणि नारळाची झाडं हजारोंनी लावली. एकच माणूस, तीच धडाडी, तीच जोखीम घेण्याची तयारी. समुद्रावर एक रूप, जमिनीवर दुसरं. उद्योजकतेचे गुण शिकवले म्हणजे मूल्यं आपोआप आली, असं मानणाऱ्याने हे उदाहरण डोळ्यांआड करू नये.

फलज म्हणजे डोंगराच्या पोटातलं किंवा झऱ्याचं पाणी उतारावरच्या पाटाने गावापर्यंत आणण्याची व्यवस्था. ओमानात असे सुमारे 3,000 फलज अजून वाहते आहेत. त्यांतले पाच 2006 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले, आणि त्या पाचांतला एक, फलज अल मुयस्सर, रुस्ताकचा आहे. पाट बांधण्याचं कसब मोठंच, पण आपल्या विषयाला महत्त्वाची आहे ती पाण्याची वाटणी. पाणी वेळेने वाटलं जातं. साधारण अर्ध्या तासाचा हिस्सा हे एक माप. दिवसा सावलीवरून, रात्री ताऱ्यांवरून वेळ ठरायची, आता घड्याळावरून. हिस्से विकता येतात, वारशाने मिळतात, भाड्याने देता येतात. काही हिस्से खुद्द फलजच्या मालकीचे असतात. त्यांचा लिलाव होतो आणि आलेल्या पैशातून गाळ काढणं, दुरुस्ती होते. देखरेखीला वकील, वेळेच्या हिशेबाला आरिफ. पाण्याचा पहिला मान पिण्याला, मग मशीद आणि अंघोळीच्या जागा, त्यानंतर बागा.

खासगी मालकी, खुला लिलाव, तरी सामाईक जबाबदारी. इथे स्वार्थ नाकारलेला नाही. चारचौघांसमोर बोली लावून तो उघड केला आहे. आपल्या खानदेशात, पांझरेच्या खोऱ्यात, फड पद्धत शतकानुशतकं अशीच चालत आली. बंधाऱ्याखालची जमीन फडांत वाटलेली, कोणत्या फडात यंदा काय पिकवायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं, पाणी द्यायला पाटकरी, आणि पाणी कमी पडलं तर ते सगळ्यांनाच कमी. धुळ्याच्या शेतकऱ्याला आणि रुस्ताकच्या बागवानाला ‘भागधारकांप्रती उत्तरदायित्व’ असा धडा कुणी दिला नव्हता. पाळी चुकवली तर शेजारी कळायचा, आणि शेजाऱ्याला आपण कळायचो.

रुस्ताकच्या मधाची बाजारपेठही याच जातीची. खजुराच्या पोकळ ओंडक्यांतून मधमाश्या पाळण्याची इथली जुनी रीत. बोरीच्या कुळातल्या सिद्र झाडाचा मध आणि बाभळीच्या जवळच्या सुम्र झाडाचा मध, दोन्हींना भारी किंमत येते. भेसळ मात्र डोळ्यांनी दिसत नाही. गिऱ्हाईक पैसे मोजतं ते बहुतांशी मधपाळाच्या नावाला. सचोटी इथे भांडवल आहे आणि वापरलं तर संपणारंही. मूल्यांचा धडा शिकवायचा असेल तर याहून सोपी सुरुवात कुठली?

पण रुस्ताकच्या वर्गात हा विषय आला तो फलजमधून नाही. तो आला बेरोजगारीतून. 2011 मध्ये सोहारमध्ये तरुण नोकऱ्यांसाठी रस्त्यावर उतरले. सरकारने हजारो सरकारी नोकऱ्या देऊन वेळ निभावली, पण तेलाच्या पैशावर सगळ्यांना कायम सरकारी खुर्ची देता येणार नाही हे उघड होतं. जानेवारी 2013 मध्ये सैह अल शामिखात इथे झालेल्या परिषदेतून लहान-मध्यम उद्योगांचं धोरण निघालं: कर्जासाठी रफ्द निधी, या उद्योगांसाठी स्वतंत्र सरकारी यंत्रणा, सरकारी निविदांत किमान 10 टक्के हिस्सा. शिक्षणातला विषय त्याच वाऱ्यावर आला. म्हणून त्यात आत्मविकास, नीती हे शब्द असले तरी त्याच्या गाभ्याशी ‘सरकारी नोकरीची वाट पाहू नका’ हा निरोप आहे. आपल्याला हे ओळखीचं वाटायला हवं. शेती उत्तम आणि चाकरी कनिष्ठ मानणाऱ्या म्हणीचा वारसा सांगत आपण सगळी ताकद स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत लावतो, आणि सरकार मग कौशल्य विकासाची शिबिरं घेतं.

धर्मनिष्ठ तरुणाचा प्रश्न या धोरणात सुरुवातीला नीट दिसलाच नव्हता. व्याज घेणं-देणं ज्याला मान्य नाही, त्याला साध्या बँकेचं कर्ज नको असतं. आणि ओमान हा आखाती देशांत इस्लामी बँकिंगला सर्वात शेवटी, 2012 मध्ये, वाट देणारा देश. तोवर मूल्य पाळायचं तर घरच्यांकडून पैसे घ्या, असाच पर्याय होता. वर्गात ‘स्वतःची मूल्यं ओळखा’ म्हणायचं आणि ती पाळता येतील असा रस्ता बाजारात ठेवायचा नाही, हा अन्याय फक्त ओमानात होतो असं नाही.

या विषयातला सर्वात मोठा खड्डा माझ्या मते वेगळाच आहे, आणि त्याबद्दल पुस्तकं जवळजवळ गप्प आहेत. रुस्ताकसारख्या कुठल्याही ओमानी गावात छोट्या दुकानांची रोजची घडी परदेशी माणूस चालवताना दिसतो: केरळचा, बांगलादेशचा, पाकिस्तानचा. कित्येकदा लायसन ओमानी माणसाच्या नावावर, धंदा प्रत्यक्षात परदेशी माणसाचा, आणि नाव वापरू दिल्याबद्दल महिन्याची ठरलेली रक्कम. याला तिथे छुपा व्यापार म्हणतात. 2020 पासून लागू झालेल्या परकी गुंतवणूक कायद्याने बरेच धंदे परदेशी मालकीला मोकळे केले, पण पुष्कळसे लहान व्यवसाय ओमानी नागरिकांसाठी राखीव राहिले. आणि 2023 मध्ये छुप्या व्यापाराविरुद्ध कडक नियम आले. आता विचार करा. ज्या विद्यार्थ्याच्या घरात काकांच्या नावावर दोन दुकानं आहेत आणि काका ती कधी उघडतही नाहीत, त्याला जोखीम आणि जबाबदारीचा धडा काय सांगणार? जोखीम तिसऱ्याची, जबाबदारी कागदावर काकांची, नफा वाटून. तो काउंटरमागचा माणूस खरा उद्योजक आहे. पाठ्यपुस्तकात मात्र तो फक्त ‘परदेशी मनुष्यबळ’ या सदरात येतो.

आपण यावर नाक मुरडायचं कारण नाही. बायकोच्या नावावरची एजन्सी, महिला उद्योजक योजनेतलं कर्ज आणि चेकवर सही करणारी पण पासबुक न पाहिलेली बाई आपल्या प्रत्येक तालुक्यात आहे. नाव एकाचं, कारभार दुसऱ्याचा, ही आपली जुनी सोय. अशा बाईला प्रेरणेचं शिबिर दिलं तर काय होईल याचं उत्तर काकिनाड्याने 1960 च्या दशकातच दिलं होतं.

किर्लोस्करांचं उदाहरण मराठीत या विषयावर हमखास येतं, म्हणून थोडक्यात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी मुंबईच्या व्हीजेटीआयमधली बढती डावलली गेल्यावर नोकरी सोडली, लोखंडी नांगर काढला, लोखंडाने जमीन नासते म्हणणाऱ्या शेतकऱ्यांची समजूत घालत राहिले, 1910 मध्ये कुंडलजवळच्या माळावर कारखाना आणि वसाहत वसवली, शिक्षा भोगून आलेल्यांना पहाऱ्यावर नेमण्याचं धाडस केलं. जिद्दीची गोष्ट म्हणून ती खरी आहे. पण ती सांगताना औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेली जमीन आणि पैशाचा आधार आपण अर्ध्या वाक्यात उरकतो. व्यक्ती आणि तिच्या मागे उभी राहणारी व्यवस्था, या दोन्हींचं श्रेय सारख्या आवाजात सांगायला हवं.

व्यवस्था बदलून माणूस कसा घडतो याचं सर्वात बोलकं मराठी उदाहरण साताऱ्याच्या माण तालुक्यातलं आहे. म्हसवडला चेतना गाला सिन्हा आणि गावातल्या बायकांनी महिलांची सहकारी बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज परत केला, कारण प्रवर्तक बायकांचे अंगठे होते, सह्या नव्हत्या. बायकांनी साक्षरतेचे वर्ग मागून घेतले, पुन्हा गेल्या, आणि 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. व्यवसाय शिकवणारी शाळा 2006 ची, म्हणजे बँकेनंतर नऊ वर्षांनी. हा क्रम पाहण्यासारखा आहे. आधी अधिकार आणि उत्तरदायित्व, मग अभ्यासक्रम. ओमानपासून दिल्लीपर्यंत बाकी सगळे उलट्या क्रमाने जातात. 2019 मध्ये दिल्लीच्या सरकारी शाळांत नववी ते बारावीला उद्योजकतेची वृत्ती शिकवायला सुरुवात झाली, तेव्हा निदान मुलांच्या हातात थोडं बीजभांडवल देण्याइतकी समज होती. छोटी का होईना, रक्कम खरी होती.

अहमदाबादच्या सेवा बँकेतला एक प्रयोगही याला जोडून सांगायला हवा. दोन दिवसांच्या व्यवसाय-समुपदेशनाला काही बायकांना एकटीने बोलावलं, काहींना मैत्रिणीसोबत. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात मैत्रिणीसोबत आलेल्या बायकांनी धंद्यासाठी जास्त कर्ज घेतलं आणि त्यांचं कामही वाढलं. ज्यांच्यावर घरच्या रूढींचा दाब जास्त, त्यांच्यात हा फरक अधिक दिसला. शिकवलेलं दोन्ही गटांना तेच. बदललं ते शेजारी कोण बसलंय एवढंच.

या सगळ्यावरून मी काढलेला कौल असा. उद्योजकतेचा अभ्यास कंपन्या निर्माण करण्यात कमजोर आहे. तो पुढाकाराची सवय लावू शकतो, पण ज्याच्या हातात काही निर्णय आहेत अशालाच. आणि मूल्यं तो स्वतंत्र प्रकरण म्हणून शिकवू शकत नाही. मूल्यं येतात ती आपला हिशेब कुणासमोर उघडा ठेवावा लागतो यातून. फलजच्या लिलावात, पांझरेच्या फडात आणि म्हसवडच्या बँकेच्या पासबुकात तो उघडा होता. नावावरच्या लायसनात तो झाकलेला असतो. म्हणून या विषयाच्या परीक्षेत व्यवसाय-आराखड्याला सगळे गुण देणं मला पटत नाही. आराखड्यातला नफा कागदावरचा असतो आणि त्याचा जाब विचारणारा कुणी नसतो.

हा विषय शिकवणाऱ्या आपल्याकडच्या प्राध्यापकांना एक सुचवावंसं वाटतं. पुढच्या सत्रात विद्यार्थ्यांना आराखडा मागण्याऐवजी पाचशे-हजार रुपयांचा खरा व्यवहार करायला लावा, तोही दुसऱ्या कुणाच्या तरी पैशाने: वर्गमित्राच्या, बचत गटाच्या, वसतिगृहाच्या मेसच्या. आणि अहवालात दोन रकाने सक्तीचे करा: यात पैसे कुणाचे होते, आणि त्यांना हिशेब कोणत्या तारखेला दाखवला.